अठरा, एकवीस, पंचवीस: गोव्यातल्या तरुणांनी सरकारी उपचार आणि आर्थिक मदत कशी मिळवावी

आई-वडिलांच्या कार्डावरून मुलगा कधी उतरला, हे बहुतेक घरांत तो आजारी पडल्यावरच कळतं. वडील वेर्ण्याच्या कारखान्यात, पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विम्याची वर्गणी, कापली जाते, घरात सगळे निर्धास्त. मुलगा बावीस वर्षांचा. पोटात कळा येतात म्हणून त्याला दवाखान्यात नेलं की खिडकीवरचा माणूस सांगतो, ह्याचं नाव आता चालत नाही. नियमच तसा आहे. ईएसआयमध्ये मुलगा सज्ञान होईपर्यंत आणि शिकत असेल तर एकविसाव्या वर्षापर्यंतच अवलंबून धरला जातो. अविवाहित मुलगी आई-वडिलांच्या कमाईवर पूर्णपणे अवलंबून असेल तर तिला वयाची अट नाही.

वडील सरकारी नोकर असतील तर तारीख वेगळी. केंद्राच्या वैद्यकीय नियमांत मुलाचं नाव पंचविसाव्या वर्षापर्यंत टिकतं, पण त्याआधी तो कमवायला लागला किंवा त्याचं लग्न झालं तर तेव्हाच ते उतरतं. खाजगी कंपन्यांच्या सामूहिक विम्यातही बहुधा पंचवीसच असतं. आणि अठरा पूर्ण झाली की तर सगळ्याच खात्यांच्या लेखी तुम्ही स्वतंत्र माणूस: अर्जावर सही तुमची, बँक खातं तुमचं, ऑपरेशनच्या संमतीपत्रावरची सहीही तुमचीच.

म्हणून पहिलं काम कुठल्याही कचेरीत न जाता घरच्या जेवणाच्या टेबलावर करायचं. आज मी कुणाच्या कार्डावर आहे आणि कोणत्या तारखेला उतरणार, हे आई-वडिलांना विचारा. तारीख सापडली की त्याआधी तीन-चार महिने पुढचं कार्ड हातात हवं. खाली जे सांगतोय ते ह्या एका हिशेबाभोवती फिरतं.

आधी कागद

गोव्यात बहुतेक योजनांचं दार रहिवासाच्या वर्षांनी उघडतं. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला पाच वर्षं पुरतात. विवाहित महिलांच्या गृहआधार योजनेला पंधरा लागतात, आणि राज्याच्या इतर बऱ्याच मदत योजनांतही पंधराच विचारतात. हा रहिवासी दाखला मामलेदार कचेरीतून मिळतो. अर्ज गोवा ऑनलाइनच्या पोर्टलवरूनही करता येतो, पण तलाठ्याची चौकशी व्हायची ती होतेच. इथंच जन्मून इथंच शिकलेल्यांना तो काढणं अवघड नाही: जन्मदाखला, शाळेचे दाखले, आई-वडिलांचं मतदार कार्ड, रेशन कार्ड. खरी अडचण होते ती भाड्याच्या खोलीत वाढलेल्या मुलांची. वीजबिल मालकाच्या नावावर, घरपट्टी मालकाच्या नावावर, भाडेकरार कधी कागदावर उतरलेलाच नाही. अशांनी पहिलीपासून बारावीपर्यंतचे शाळेचे बोनाफाईड गोळा करावेत. एकाच गावातल्या शाळेची दहा-बारा वर्षं सलग दिसली की बाकीचे कागद थोडे कमजोर असले तरी बाजू भक्कम होते. मुंडकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या, घरातल्या मुलांचंही तसंच. घर आजोबांच्या काळापासूनचं, पण कागद भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, नावावर. तिथं मतदार यादीतली आई-वडिलांची जुनी नोंद उपयोगी पडते.

स्वतःचं मतदार कार्ड अठराव्या वर्षीच काढा. आता वर्षातून चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. ह्यातल्या ज्या तारखेला अठरा पूर्ण होतात, तिच्यासाठी आगाऊ अर्ज सतराव्या वर्षीच भरता येतो, नमुना ६ वर. मतदान कराल तेव्हा कराल. गोव्यात हे कार्ड इस्पितळाच्या खिडकीवरही चालतं, ते पुढं येईलच.

आता गोव्याची खास डोकेदुखी: नावाचं स्पेलिंग. देसाई एका कागदावर एका एसनं, दुसऱ्यावर दोन एसनं. कामत आजोबांच्या कागदांवर सीनं, नातवाच्या आधारवर केनं. जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव तीन शब्दांचं, आधारवर दोन शब्दांचं. माणसाला ह्यात काही खुपत नाही, पण संगणक जुळणी करतो तेव्हा अर्ज तिथंच अडकतो. बसा, आणि हे कागद शेजारी-शेजारी मांडून एकेक अक्षर ताडून पाहा: जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन, बँकेचं पासबुक. फरक आधारमध्ये असेल तर आधार केंद्रात दुरुस्त होतो आणि तोच सगळ्यांत सोपा मार्ग. जन्मदाखल्यातच चूक असेल तर जिथं जन्माची नोंद आहे तिथं जावं लागतं. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असा दाखला मामलेदार कचेरीतून मिळतो. माझं मत विचाराल तर तो तात्पुरता इलाज आहे. दर अर्जाला त्याची प्रत जोडत बसण्यापेक्षा एकदाच मूळ कागद सरळ करून घेतलेला बरा.

उत्पन्नाचा दाखला मात्र आगाऊ काढून ठेवण्यात अर्थ नाही. तो कशासाठी हवा हे त्यावर लिहिलेलं असतं, आणि ताजाच मागतात. चतुर्थीच्या आठवड्यात किंवा कॉलेज प्रवेशाच्या दिवसांत त्यासाठी गेलात तर गर्दीत किंवा रिकाम्या खुर्च्यांसमोर उभं राहण्याची तयारी ठेवा. कचेरीबाहेरचा झेरॉक्सवाला अर्ज भरून देतो, ते ठीक, त्याचे पैसे द्या. पण 'आत ओळख आहे' म्हणणाऱ्याला मूळ कागद कधीही देऊ नका.

बँक खातं: पैसे कुठं जातात ते पाहा

सरकारी मदत हल्ली आधारला जोडलेल्या खात्यात येते. आणि आधारला एका वेळी एकच खातं जोडलेलं असतं, जे शेवटी जोडलं ते. सिमकार्ड घेताना दुकानदारानं अंगठा घेऊन मोबाईल बँकेचं खातं उघडून दिलेलं असतं, मुलगा ते विसरूनही गेलेला असतो, आणि शिष्यवृत्ती तिकडं जाऊन बसते. मग सहा महिने 'पैसे आलेच नाहीत' म्हणून कॉलेजच्या क्लार्कशी भांडण. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून बँक जोडणीची स्थिती पाहता येते, दोन मिनिटांचं काम आहे. तिथं दिसणारी बँक तुम्हाला हवी ती नसेल तर हव्या त्या बँकेच्या शाखेत जाऊन, सरकारी अनुदानासाठी हेच खातं जोडा, असं लेखी द्या.

दीनदयाळ कार्ड

२०१६ साली सुरू झालेली ही योजना गोव्यातल्या घरांसाठी सगळ्यांत कामाची, आणि तिला उत्पन्नाची मर्यादा नाही. पाच वर्षं गोव्यात राहणाऱ्या कुटुंबाला ठरलेल्या शस्त्रक्रिया आणि उपचारांसाठी वर्षाला विमा मिळतो: तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. सरकारी नोकरांना त्यांची स्वतंत्र सोय असल्यामुळे ह्यात घेत नाहीत. शुल्क किरकोळ आहे. यादीतल्या खाजगी इस्पितळांतही कार्ड चालतं.

तीन गोष्टी लोक विसरतात. पहिली, कार्डाचं नूतनीकरण करत राहावं लागतं. कपाटात ठेवलेलं जुनं कार्ड दाखवून उपयोग नाही, आणि दाखल झाल्यावर करून घेऊ असं धरून चालू नका. दुसरी, कार्डावर नाव असणाऱ्यालाच उपचार. घरात कार्ड आहे ह्याचा अर्थ तुमचं नाव त्यावर आहे असा होत नाही. बाहेर शिकायला गेलेल्या मुलांची नावं नोंदणीच्या वेळी घालायची राहून गेलेली असतात. लग्न झालं असेल तर नव्या कुटुंबाची नोंद करून घ्या. तिसरी गोष्ट, ह्या विम्यात सगळे आजार येत नाहीत. ठरलेल्या उपचारांची यादी आहे आणि प्रत्येकाचा दर ठरलेला. म्हणून खाजगी इस्पितळात दाखल होण्याआधी तिथल्या विमा खिडकीवर तीनच प्रश्न विचारा. हा उपचार दीनदयाळच्या यादीत आहे का? मंजुरी दाखल होण्याआधी येणार की नंतर? कार्डाबाहेर मला किती भरावे लागतील? उत्तर कागदावर घ्या. तोंडी 'सगळं होऊन जाईल' ह्या वाक्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कार्ड वेगळं. ते २०११ च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणातल्या यादीवर आधारलेलं असल्यानं तुमचं घर त्यात आहे का ते १४५५५ वर विचारून घ्या. कर्नाटक किंवा महाराष्ट्रातून येऊन इथं राहणाऱ्यांनी हे जरूर तपासावं, कारण गावचं आयुष्मान कार्ड गोव्यातल्या यादीतल्या इस्पितळातही चालतं. गोव्यातली पाच वर्षं मोजत बसायला नको. जाता जाता, घरात सत्तरीपुढचे आजी-आजोबा असतील तर त्यांचं स्वतंत्र कार्ड उत्पन्नाच्या कुठल्याही अटीशिवाय निघतं. ते मोबाईलवर भरून देणारी नातवंडंच लागतात.

गोमेकॉत जाताना

बांबोळीच्या गोमेकॉचा, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळाचा, दबदबा आहे, त्यामुळे साध्या तापासाठीही लोक तिथं धावतात आणि रांगेत दिवस घालवतात. आधी गावच्या आरोग्य केंद्रात जा. तिथल्या डॉक्टरनं चिठ्ठी देऊन वर पाठवलं की कोणत्या विभागात, कोणत्या वारी जायचं ते नेमकं कळतं. मधल्या पायरीवर म्हापशाचं आणि मडगावचं जिल्हा इस्पितळ आहे, फोंड्यात उपजिल्हा इस्पितळ आहे. हाड मोडलं, बाळंतपण आहे, दमा उठला, अशा बहुतेक गोष्टी तिथंच निभतात. साध्या सल्ल्यासाठी ई-संजीवनीवरून सरकारी डॉक्टर फोनवर मिळतो, फुकट.

गोमेकॉत गोव्याच्या रहिवाशांना आणि बाहेरच्यांना वेगळे नियम आहेत. २०१८ पासून बाहेरच्यांना शुल्क लागतं. म्हणून केसपेपर काढताना दीनदयाळ कार्ड किंवा गोव्याचं मतदार कार्ड जवळ असावं. मोबाईलमध्ये डिजिलॉकर असेल तर आणखी सोपं. अपघात किंवा जीवघेणी अवस्था असेल तेव्हा कागद बाजूला. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलंय की जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य, पोलिसांचे सोपस्कार मागाहून. तेव्हा १०८ लावा आणि पोहोचा.

बाहेरून औषधं किंवा तपासण्या लिहून दिल्या आणि परवडत नसतील तर गप्प बसून उधारी करू नका. इस्पितळातल्या समाजसेवा विभागात जा. मेडिकल सोशल वर्कर हे पद ह्यासाठीच असतं, पण पेशंटला ते ठाऊकच नसतं. कोणत्या निधीतून काय बसतं हे त्यांना तोंडपाठ असतं. महिनोन् महिने चालणाऱ्या गोळ्यांसाठी जनऔषधी दुकानात तेच औषध बरंच स्वस्त मिळतं. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहायला डॉक्टरला सांगा.

गोव्यात नसलेला उपचार बाहेर घ्यायची वेळ आली तर आरोग्य खात्याची मेडिक्लेम योजना आहे. हिची किल्ली गोमेकॉच्या शिफारशीत आहे: ही सोय राज्यात नाही, असं तिथून यावं लागतं. क्रम चुकवू नका. आधी शिफारस, मग बाहेरच्या इस्पितळाचं खर्चाचं अंदाजपत्रक, मग मंजुरी आणि त्यानंतर उपचार. बिलं घेऊन परत आल्यावर खात्याकडं गेलात तर पैसे मिळण्याची आशा फारशी ठेवू नका.

नोकरी लागली? पगारपत्रक उघडा

विशीतल्या माणसासाठी ईएसआयइतकं मोलाचं दुसरं काही नाही, आणि तिच्याइतकं दुर्लक्षितही काही नाही. मुलं म्हणतात, फुकटचे दीडशे रुपये कापतात. हिशेब असा आहे. पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल आणि आस्थापनेत दहा किंवा जास्त माणसं असतील तर तुमचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के जातात. १८ हजार पगारावर तुमचे १३५ रुपये, मालकाचे ५८५. बदल्यात पहिल्या दिवसापासून तुम्हाला आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्यांना उपचार, खर्चाची वरची रेघ न आखता. इथं गोव्याच्या रहिवासाची अटच नाही. दोडामार्ग, सावंतवाडी, बांद्याहून रोज मोटारसायकलवरून येणारी मुलं दीनदयाळमध्ये बसत नाहीत, पण कामावर ईएसआय भरली जात असेल तर त्यांचं कार्ड इथल्या पोरांच्या बरोबरीचं.

उदाहरण म्हणून एक मुलगा घेऊ. १ जूनला तो औषध कंपनीत पॅकिंगला लागला. पगार १८ हजार. जूनमध्येच त्याला दहा आकड्यांचा विमा क्रमांक मिळायला हवा. तो क्रमांक घेऊन त्यानं ओळखपत्र छापून घ्यावं, घरच्यांची नावं आणि फोटो त्यात घालावेत आणि राहत्या जागेजवळचा दवाखाना निवडावा. हा दवाखाना निवडणं महत्त्वाचं: वास्कोत राहणाऱ्याच्या नावापुढं कंपनीनं भलतंच केंद्र लावलेलं असतं आणि ताप आल्यावर ते कळतं. उपचार जूनपासूनच सुरू. आजारपणात पगाराच्या बदल्यात मिळणारी रोख रक्कम मात्र नवीन माणसाला नऊ महिन्यांनी, म्हणजे ह्या मुलाला १ मार्चपासून. मग मार्चमध्ये त्याला कावीळ झाली, डॉक्टरनं वीस दिवस घरी बसवलं, तर पहिले दोन दिवस सोडून बाकीच्या दिवसांचे पगाराच्या ७० टक्के पैसे ईएसआय देते. वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, गल्लीतल्या डॉक्टरची चिठ्ठी पुरत नाही.

कामावर इजा झाली तर नऊ महिन्यांची वाट पाहायची नाही. पहिल्या दिवसापासून सुमारे ९० टक्के पगार, बरं होईपर्यंत. आणि घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघातही, त्याचा कामाशी संबंध दाखवता आला तर, ह्यातच धरतात. वेर्ण्याच्या पठारावर पावसात घसरलेल्या किती जणांनी हा दावा केला असेल, देव जाणे. बहुतेकांना तो करता येतो हेच सांगितलेलं नसतं. अपघाताची नोंद त्याच दिवशी कंपनीच्या नोंदवहीत करून घ्या आणि तिचा फोटो काढा.

हॉटेलवाल्यांसाठी एक खास गोष्ट. ऑक्टोबर ते मार्च ह्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली असेल, तर त्याचा लाभ जुलै ते डिसेंबर मिळतो. हंगाम संपून मे महिन्यात नोकरी सुटली तरी पावसाळ्यात डेंग्यू झाला की ईएसआय दवाखान्याचं दार उघडंच असतं. कळंगुट-बागाच्या पट्ट्यात काम करणाऱ्या मुलांना हे कुणी सांगत नाही.

मालक खरंच भरतो का, हे पाहणं तुमचंच काम. पगारातून कापलं गेलं म्हणजे जमा झालं असं नव्हे. सरकारच्या उमंग अॅपवर किंवा ईएसआयच्या पोर्टलवर विमा क्रमांक घालून महिन्याची नोंद पाहा. कंत्राटदाराकडून आला असाल तर जबाबदारी मुख्य मालकावरही येते. नोंद नसेल तर पणजीला पाटोवरच्या ईएसआयच्या प्रादेशिक कार्यालयात पगारपत्रक, हजेरी आणि बँकेचा उतारा घेऊन जा. मडगावला ईएसआयचं इस्पितळ आहे, मोठा उपचार तिथून पुढं पाठवला जातो.

पगार वाढून २१ हजारांवर गेला तर ती सहामाही संपेपर्यंत ईएसआयची वर्गणी चालू राहते, मग बंद. बढती मिळाल्याच्या आनंदात हा खड्डा कुणाला दिसत नाही. त्याच सहामाहीत दीनदयाळवर आपलं नाव आहे ना ते तपासा, आणि कंपनीचा सामूहिक विमा आहे का विचारा.

मनाचं, आणि घरी न सांगता येणारं

बांबोळीलाच मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था आहे. लोक अजूनही तिचं नाव हलक्या आवाजात घेतात, पण सरकारी खर्चात मनोविकारतज्ज्ञ आणि औषधं मिळण्याची गोव्यातली ती मुख्य जागा. तिथपर्यंत जायचं धैर्य होत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

अठरा पूर्ण झालेल्या मुलीला गर्भपातासाठी आई-वडिलांची किंवा नवऱ्याची संमती लागत नाही, फक्त तिची स्वतःची. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं, आणि नाव गुप्त ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. एचआयव्हीची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत, माहितीसाठी १०९७. टीबीची औषधं मोफत आहेतच, शिवाय उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना १,००० रुपये खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ आधी ते ५०० होते. खाजगी डॉक्टरकडं उपचार घेत असाल तरी सरकारी नोंद झाली पाहिजे, नाहीतर पैसे येत नाहीत.

पैशांची मदत

मुलींनी अठरा पूर्ण होताच लाडली लक्ष्मीची चौकशी करावी. २०१२ पासूनची ही योजना महिला आणि बालविकास खात्याकडं आहे, रक्कम एक लाख. जन्म, रहिवास आणि आई-वडिलांचं उत्पन्न ह्यांच्या अटी आहेत, त्या खात्यातूनच नीट समजून घ्या. लग्न ठरल्यावर धावाधाव करण्यापेक्षा कॉलेजात असतानाच अर्ज टाकलेला बरा, कारण कागद तेव्हा हाताशी असतात. लग्न झाल्यावर, दोघांचं मिळून उत्पन्न वर्षाला तीन लाखांच्या आत असेल तर गृहआधार, महिना १,५०० रुपये. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून त्या पैशांवर हप्ते बांधू नका. आणि हयातीचा दाखला दरवर्षी द्यायचा असतो. तो चुकला की पैसे थांबतात, आणि थांबल्याचं कुणी फोन करून सांगत नाही.

पहिल्या बाळंतपणात केंद्राच्या मातृवंदनेतून ५,००० रुपये मिळतात, दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर ६,०००. राज्याची ममता योजना मुलगी झालेल्या आईसाठी आहे, १०,००० रुपयांची. दोन्हींसाठी अंगणवाडी ताईला पहिल्या तीन महिन्यांतच भेटा. नोकरी करत असाल आणि ईएसआय असेल तर २६ आठवड्यांच्या पगारी रजेचे पैसे तिथून, हे वेगळं.

अपंगत्व असेल तर सगळ्यात आधी यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र. अर्ज ऑनलाइन, तपासणी सरकारी वैद्यकीय मंडळापुढं. चाळीस टक्के किंवा जास्त आलं की बऱ्याच सवलती सुरू होतात, आणि दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचं मासिक साहाय्य ज्येष्ठांपुरतंच आहे असा जो समज आहे तो चुकीचा: अपंग प्रौढांना आणि विधवांनाही ते मिळतं.

शिक्षणासाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाचं कर्ज बिनव्याजी आहे. प्रवेश नक्की झाला की बँकेत जाण्याआधी तिथं विचारा. गावडा, कुणबी, वेळीप समाजाला २००३ पासून अनुसूचित जमातीचा दर्जा आहे, त्यामुळे त्यांच्या मुलांसाठी आदिवासी कल्याण खात्याच्या वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. त्यात जात दाखला सगळ्यात वेळखाऊ, दहावीच्या सुट्टीतच काढून ठेवावा. स्वतःचा धंदा काढायचा असेल तर राज्याच्या आर्थिक विकास महामंडळाची (ईडीसी) मुख्यमंत्री रोजगार योजना आणि केंद्राची पंतप्रधान रोजगार निर्मिती योजना (पीएमईजीपी) हे दोन मार्ग. दुसऱ्यात प्रकल्पाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान मिळतं, गावात आणि राखीव गटांना जास्त. सुतार, कुंभार, शिंपी, न्हावी, फुलांच्या माळा करणारे अशा अठरा व्यवसायांसाठी विश्वकर्मा योजनेत पाच टक्के व्याजानं आधी एक लाख आणि मग दोन लाख मिळतात, हत्यारांसाठी १५,००० रुपये निराळे.

आणि हे दोन विमे बँकेत आजच सुरू करा. अपघात विमा वर्षाला २० रुपये, जीवन विमा ४३६ रुपये, दोन्हींत दोन-दोन लाख. गोव्यातल्या रस्त्यांवर दुचाकी चालवणाऱ्यानं वीस रुपये वाचवणं हे मला कळत नाही. पैसे मे अखेरीस खात्यातून आपोआप जातात, तेव्हा शिल्लक असू द्या, आणि घरच्यांना सांगून ठेवा. ज्याच्या नावानं वारस लावला त्यालाच पॉलिसी ठाऊक नसते, असं वारंवार घडतं. पीएफ असेल तर तिथंही वारस लावा. नोकरीत असताना मृत्यू झाला तर पीएफला जोडलेला विमा सात लाखांपर्यंत आहे.

रस्त्यावर अपघात झालाच, तर २०२५ पासून केंद्राच्या योजनेत पहिले सात दिवस दीड लाखापर्यंतचे उपचार रोख न भरता मिळतात, चूक कुणाचीही असो. ठरलेल्या इस्पितळात पोहोचणं आणि पोलिसांत नोंद होणं एवढं लागतं.

अर्ज अडला तर

अर्ज दिल्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोचेवर तारीख, क्रमांक आणि शिक्का. गोव्यात २०१३ पासून सेवा ठरलेल्या मुदतीत देण्याचा कायदा आहे. 'ह्या दाखल्याला किती दिवस ठरलेत?' एवढं शांतपणे विचारलं तरी पुढचा माणूस नीट बोलायला लागतो. पंचायतीत स्वयंपूर्ण मित्र म्हणून नेमलेला सरकारी अधिकारी येतो, त्याला भेटा. त्याचं कामच खात्यांमध्ये अडलेले अर्ज हलवणं. ईएसआय, पीएफ अशा केंद्राच्या खात्यांविरुद्ध तक्रार केंद्राच्या तक्रार पोर्टलवर टाका, तिथं क्रमांक मिळतो आणि उत्तर द्यावंच लागतं.

तरीही काही हललं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. त्यात गाऱ्हाणं लिहू नका. चार ओळी पुरतात: अमुक तारखेचा अमुक क्रमांकाचा माझा अर्ज आज कोणत्या टेबलावर आहे, तिथं कोणत्या तारखेपासून आहे, त्यावर झालेल्या शेऱ्यांच्या प्रती द्याव्यात, आणि ह्या सेवेची ठरलेली मुदत किती. पाकिटाच्या वर खात्याच्या जनमाहिती अधिकाऱ्याचा पत्ता, खाली तुमचा. पोस्टात टाकाल तर स्पीड पोस्टानं टाका आणि पावती अर्जाच्या झेरॉक्सला टाचून ठेवा.